विजेच्या साहाय्यानें व्यायाम

रत्नागिरीहून पूल ओलांडून भाट्यास गेलें कीं माडांचें राज्य लागतें. येथील नारळ संशोधन केंद्र १९५५ पासूनचें. उंच जातीचा माड साठ फुटांहूनहि वर जातो. त्यावरून पडणें हें कोंकणांतील जुनें भय. पडतांना मणका मोडून आंतील मज्जारज्जु चिरडला, तर पाय तत्काळ लुळे पडतात.

श्रोत्यांस नवल वाटेल, परंतु लुळ्या पायाचा स्नायु मेलेला असतोच असें नाहीं. बहुधा मेंदूचा हुकूम वाटेंत अडतो, इतकेंच. दुखापतीच्या खालचे मज्जातंतु शाबूत असतील, तर विजेच्या हलक्या ठोक्यानें स्नायु आकुंचन पावतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हानीनें बेडकाच्या पायावर जें पाहिलें, त्याचेंच हें सुधारलेलें रूप होय. मांडीच्या पुढेंमागें व नितंबांवर पट्ट्या चिकटवून सेकंदास तीस-चाळीस ठोके देतात. प्रत्येक ठोका सेकंदाच्या तीन-चार दशसहस्रांश भागापुरताच. यंत्र ते अशा क्रमानें सोडतें कीं, रुग्णाचे पाय जागच्या जागीं सायकल फिरवूं लागतात. १९८२ सालीं अमेरिकेंत पेट्रोफ्स्की यांनीं अशाच उपायानें एका विद्यार्थिनीस कांहीं पावलें चालविलें, तेव्हां त्याचा मोठाच गाजावाजा झाला.

गाजावाजा बाजूस ठेवला तरी लाभ खरा आहे. सुकलेली मांडी भरते, रक्ताभिसरण सुधारतें, हृदयास श्रम घडतात. मात्र तुटलेला रज्जु यानें सांधत नाहीं, आणि व्यायाम थांबला कीं कमावलेलें बळहि ओसरतें.

माडावरून पडलेल्याच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. अशा वेळीं पाठ संपून कंबर सुरू होते तेथलाच मणका पुष्कळदां मोडतो. मज्जारज्जूचें टोंकहि तेथेंच. तें व त्याखालील तंतूंची जुडी चिरडली, तर स्नायु तंतूंस पारखा होतो व हे ठोके व्यर्थ जातात. म्हणून यंत्रासाठीं दागिने मोडण्यापूर्वीं तज्ज्ञांकडून परीक्षा करून घ्यावी. मुंबईस हाजीअलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, तीहि १९५५ चीच. घरच्या घरीं प्रयोग तर नकोतच. संवेदना नसल्यानें कातडी भाजल्याचें रुग्णास कळत नाहीं; ठिसूळ झालेलें हाड मोडूं शकतें; छातीच्या वरच्या भागांत इजा असेल, तर रक्तदाब एकाएकीं भयंकर चढतो.

आणि माडाखालीं कोणी पडलेला दिसल्यास त्यास खांद्यावर टाकून धांवूं नये. मान व पाठ सरळ राखून, चौघांनीं मिळून फळीवर घ्यावें. अपुरी राहिलेली इजा पुष्कळदां त्या उचलण्यांतच पुरी होते.