गल्लीचा रंग कोणता?

बेळगावात खडे बाजार दोन आहेत, एक बेळगावचा आणि एक शहापूरचा. नवखा माणूस हमखास चुकतो, पण कारण साधे आहे. 1948 पर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते आणि शेजारचे बेळगाव 1947 पर्यंत इंग्रजांच्या मुलखात. राज्ये दोन, म्हणून पेठाही दोन. संस्थान विलीन झाले, कपिलेश्वर मंदिराजवळ मधल्या रेल्वेमार्गावर उड्डाणपूल झाला, तरी दोन्ही पेठा आपापल्या जागी चालूच राहिल्या. त्यात कॅम्पची आणखी एक तऱ्हा. भर शहरात असूनही तिथला कारभार महानगरपालिकेकडे नाही, संरक्षण खात्याच्या अखत्यारीतल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. अशी गंमत वाळवंटातल्या लास वेगासचीही आहे. जगाला ठाऊक असलेला तिथला झगमगता रस्ता बहुतांशी लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर, पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो. थोडक्यात, कागदावरची हद्द आणि लोक जगतात ती हद्द एक असतेच असे नाही.

शहराचा बृहत् आराखडा या जुन्या हद्दींवर नवी हद्द आखतो, तीही रंगांनी. रहिवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. आता वडगाव-खासबागेतल्या विणकराच्या घराला कोणता रंग द्यायचा? खाली यंत्रमाग खडखडतो, मागच्या खोलीत चूल, आणि स्वयंपाक उरकता उरकता घरातली बाई कांड्या भरते. गणपत गल्लीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हीच रीत. नियमांनाही हे अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. अश्वशक्ती आणि क्षेत्रफळाची मर्यादा घालून रहिवासी भागात घरगुती उद्योगाला मुभा दिलेली असते. माझी हरकत इतकीच की ही मुभा अपवाद म्हणून राहते. आपल्या जुन्या वस्त्यांत मिश्र वापर हाच मूळ नियम आहे. तेव्हा तिथे धंद्याचे नाव पाहण्याऐवजी त्याचा उपद्रव मोजावा: आवाज किती, किती वाजेपर्यंत, सांडपाणी कुठे जाते, माल उतरवायला टेम्पो कुठे थांबतो.

यावर पहिला आक्षेप असा की मग बेशिस्तच माजेल. तसे होण्याचे कारण नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या वस्तीपासून वेगळ्या हव्यातच. भट्टीचा धूर वेळापत्रक लावून आवरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अरुंद गल्लीत आग लागली तर बंब आत शिरणार कसा? पण ही अडचण रस्त्याच्या रुंदीची आहे. उद्या सगळे माग हलवले तरी गल्ली हातभरही रुंदावणार नाही, आणि नुसत्या घरांनाही आग लागतेच. त्यावर उपाय म्हणजे पाण्याचे नळखांब, वायरिंगची तपासणी आणि गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाड्या हटवणे. तिसरी तक्रार शेजाऱ्यांच्या झोपेची. ती खरी आहे आणि तिला उत्तरही सोपे आहे: रात्री माग बंद. राहिली सूचना विणकरांना गावाबाहेर शेड बांधून देण्याची. शेडमध्ये माग जाईल, पण चुलीशेजारी बसून कांड्या भरणारी बाई तिथे रोज कशी जाणार? तिच्या जागी मजूर लावला की लुगड्यामागे सुटणारे चार पैसे मजुरीतच जातात.