समुद्रावरची शस्त्रं (भाग 7) : रेशमी थैल्यांतली दारू

गेल्या आठवड्यात बॅटलशिपच्या चिलखताबद्दल लिहिलं, आता तोफांकडे वळू. तोफ म्हटलं की डोळ्यांपुढे नळी येते. अमेरिकेच्या ‘आयोवा’ वर्गाच्या बॅटलशिपवरची नळी आहेच तशी नजरेत भरणारी: 16 इंचांचं तोंड, 20 मीटर लांबी आणि एका जहाजावर अशा 9. पण मला विचाराल तर नळी म्हणजे शेवटी जाड पोलाद. तोफेची करामत आणि तोफेचा धोका, दोन्ही राहतात तिच्यात ठासल्या जाणाऱ्या थैल्यांमध्ये.

या थैल्या रेशमाच्या असतात, आणि ती काही नौदलाची चैन नव्हे. सुती कापड जळल्यावर धुमसत राहतं. नळीत एखादा निखारा राहिला आणि पुढची थैली त्यावर जाऊन पडली, तर ब्रीचचं, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचं दार लावायच्या आतच बार उडायचा. रेशीम चटकन जळून जातं. तरीही प्रत्येक बारानंतर दाबाखालची हवा सोडून नळी साफ करतात. चिलखतभेदी गोळा 1,225 किलोचा; त्याच्यामागे साधारण 50 किलोच्या 6 थैल्या, म्हणजे 300 किलो दारू. प्रत्येक थैलीच्या एका टोकाला लाल कापडाचा कप्पा असतो आणि त्यात शिवकाळापासून आपल्याला ठाऊक असलेली काळी दारू. तिचं काम फक्त पेटवण्याचं.

बाकीची दारू मुळात कापूस असते. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणातून काढलेला कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये मळतात, आणि तो लगदा चकलीच्या सोऱ्यातून काढावा तसा साच्यातून दाबून त्याच्या कांड्या कापतात. 16 इंची तोफेची कांडी सुमारे दोन इंच लांब, एक इंच जाड, आणि तिला आरपार सात भोकं. सगळी अक्कल या भोकांत आहे. भरीव कांडी बाहेरून जळत गेली की बारीक होत जाते, जळणारा पृष्ठभाग घटतो, म्हणजे गोळा वेग घेऊ लागतो नेमका तेव्हाच मागचा रेटा ओसरतो. भोकं असली की कांडी आतूनही जळते. बाहेरचा पृष्ठभाग जेवढा आक्रसतो, त्याहून जास्त आतला वाढतो. सुतळी बॉम्बसारखा एकच दणका नको, नळीच्या तोंडापर्यंत पाठ न सोडणारा जोर हवा. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत हे सगळं आटोपतं आणि गोळा 760 मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडतो. पल्ला 38 किलोमीटर. चर्चगेटहून डागला तर ठाणं ओलांडून जाईल.

या दारूचा स्वभाव बिघडला की काय होतं याचे दाखले भरपूर आहेत. 1916 साली जटलंडच्या लढाईत ब्रिटनच्या तीन बॅटलक्रूझर एकाच दुपारी उडाल्या, त्या मुख्यतः कोठारांपर्यंत पोचलेल्या आगीने. पण मला जास्त अस्वस्थ करते ती 19 एप्रिल 1989 ची ‘आयोवा’. युद्ध नाही, शत्रू नाही, सराव चालू होता. दुसऱ्या टरेटच्या (तोफांच्या फिरत्या घराच्या) मधल्या तोफेत थैल्या भरताना ब्रीच उघडं असतानाच दारू पेटली आणि 47 नौसैनिक गेले. दारू दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली होती. तिचा आणि त्या जड गोळ्याचा मेळ घालायला मनाईसुद्धा होती. नौदलाने आधी एका मृत नौसैनिकावर घातपाताचा ठपका ठेवला. पुढे अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की थैल्या जास्त जोराने आणि जास्त आत ठासल्या गेल्या तर थैलीच्या टोकाशी आडव्या टाकलेल्या मोजक्या कांड्या फुटतात आणि शेजारची काळी दारू पेटू शकते. चाचणीत थैल्या उंचावरून आदळल्या तेव्हा हे खरोखरच घडलं. 1991 मध्ये नौदलाला त्या नौसैनिकाच्या कुटुंबाची माफी मागावी लागली. आरोप करायला माणूस सापडतो, कांडी सापडायला वेळ लागतो.

आता, या तोफा आज कामाच्या का? किनाऱ्यावर मारा करायला होत्याच. 1991 च्या आखाती युद्धात याच वर्गाच्या ‘मिसुरी’ आणि ‘विस्कॉन्सिन’ने त्या वापरल्या. नेम धरण्यासाठी सोडलेलं ‘विस्कॉन्सिन’चं छोटं मानवरहित विमान डोक्यावर घिरट्या घालू लागलं, की पाठोपाठ काय येणार हे ओळखून कुवेतच्या फैलका बेटावरच्या इराकी सैनिकांनी त्या विमानापुढेच पांढरी फडकी हलवली. पण 1984 मध्ये लेबननच्या डोंगरांवर याच वर्गाच्या ‘न्यू जर्सी’ने एका दिवसात जवळजवळ तीनशे गोळे टाकले, तेव्हा नेम बराच ढळला होता. वेगवेगळ्या खेपांची जुनी दारू एकत्र करून थैल्या पुन्हा भरल्या होत्या, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. एका खेपेची कांडी जरा लवकर जळते, दुसरीची जरा सावकाश. तीस किलोमीटरवर तेवढा फरक पुरतो.

आणि 38 किलोमीटर म्हणजे आज काहीच नाही. एवढ्या जवळ येईपर्यंत किनाऱ्यावरचं क्षेपणास्त्र गप्प बसत नाही. ऐंशीच्या दशकात याच बॅटलशिपवर प्रत्येकी 32 टॉमहॉक क्षेपणास्त्रं बसवली गेली, तेव्हाच खरं तर तोफांचा निकाल लागला. शिवाय जहाज चालवायला दीड हजारावर माणसं. मुंबईच्या नौदल गोदीत ‘विशाखापट्टणम’ वर्गाची विनाशिका पाहा: पुढे 76 मिलिमीटरची एकच तोफ, गोळा जेमतेम सहा किलोचा, पण मिनिटाला शंभरावर सुटतात. गोळा आणि दारू एकाच धातूच्या काडतुसात बंद. टरेटमध्ये थैली उचलणारा माणूसच नाही.

मोठ्या तोफेची हौस अमेरिकेची तरीही फिटली नव्हती. ‘झुमवॉल्ट’ विनाशिकांवर 155 मिलिमीटरच्या दोन-दोन नव्या तोफा बसल्या, त्यांच्यासाठी खास लांब पल्ल्याचा गोळा बनवला. जहाजांची संख्या कापल्यावर एकेका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली आणि 2016 मध्ये गोळ्यांची खरेदी रद्द झाली. दुसरा कुठला गोळा त्या तोफांना चालत नव्हता. काही वर्षं त्या तशाच, बार न उडवता, डेकवर उभ्या होत्या. आता त्या काढून तिथे क्षेपणास्त्रांच्या नळ्या बसवायचं काम काढलं आहे.