‘घडाघडा वाचतो की!’

तिसरी ते पाचवीच्या पालकसभेत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘‘मराठीचं काही नाही हो सर, घडाघडा वाचतो तो. गणिताचं तेवढं बघा.’’ इंग्रजी माध्यमात याला एक पुस्ती जोडली जाते : ‘‘घरी मराठीच तर बोलते.’’ वाचता येतं, बोलता येतं, म्हणजे भाषा आली, असा हा हिशेब. तो साफ चुकीचा आहे, आणि त्याचे परिणाम सहावी-सातवीत इतिहास-विज्ञानाची पुस्तकं हातात आली की मुलांना भोगावे लागतात.

घडाघडा वाचणं म्हणजे अक्षरावरून उच्चारापर्यंत पोचणं. देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांची सांगड बरीच पक्की असते. जोडाक्षरं आणि रफार एकदा अंगवळणी पडले की मूल समोर येईल ते वाचतं. अर्थ कळो अथवा न कळो. फसगत इथेच होते. हे वाक्य बघा : ‘झिरमट्याने काल सकाळी पोखुलीला टिंभरं दिलं.’ टिंभरं कोणी दिलं? झिरमट्याने. कोणाला? पोखुलीला. केव्हा? काल सकाळी. तीनही उत्तरं बरोबर, पूर्ण वाक्यात लिहिली तर पैकीच्या पैकी गुण, आणि अर्थ शून्य, कारण यातले तीन शब्द मी आत्ताच बनवले आहेत. धड्याखालची ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ बरीच मुलं नेमकी अशीच सोडवतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं. आईवडील खूश, वहीत बरोबरची खूण, आणि मुलाला काही समजलंय की नाही याचा कोणालाच पत्ता नाही.

आता अर्थ असलेला मजकूर घेऊ. ‘रखमाने आभाळाकडे पाहिलं. गच्चीवरच्या कुरडया तिने भराभर गोळा केल्या आणि शेजारच्या आजींनाही हाक मारली.’ रखमाने काय गोळा केलं, हे कोणीही सांगेल. आजींना हाक का मारली? याचं उत्तर मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही. आभाळ भरून आलंय, पाऊस पडला तर कुरडया भिजतील, आजींचंही वाळवण बाहेर असणार, एवढं सगळं वाचणाऱ्याने स्वतः जोडायचं असतं. उन्हाळ्यातलं वाळवण ज्या मुलाने कधी पाहिलंच नाही, ते कितीही झरझर वाचो, इथे अडणारच. तेव्हा ‘लक्ष देऊन वाचत जा’ म्हणून रागावू नका. ते लक्ष देऊनच वाचत असतं. त्याला कुरडयांची गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. पुढे १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ माहीत असलेली मुलं वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा खूप सरस ठरली. म्हणजे विषयाची माहिती हा वाचनाचाच भाग आहे.

मुलांच्या वाचन-गणिताची चाचणी घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या आकड्यावर दर वेळी ओरड होते, आणि व्हायलाच हवी. पण ही चाचणी मोठ्याने वाचून दाखवण्याची आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. जी मुलं तिच्यात उत्तीर्ण झाली, त्यांना वाचलेलं किती समजलं हा प्रश्न त्यापुढचा आहे. ‘आमचा तर वाचतो’ म्हणणारे पालक त्या पुढच्या प्रश्नापाशीच उभे आहेत.

मग या वयात भाषेत शिकायचं तरी काय? उत्तर घरातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत २०१७ साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक इयत्तेच्या, प्रत्येक विषयाच्या अध्ययन निष्पत्ती ठरवणं बंधनकारक झालं. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत त्या सुरुवातीच्याच पानांवर छापलेल्या असतात. ती पानं उलटून थेट पहिल्या धड्यावर जाण्याची सवय मोडायला हवी. ऐकलेल्या-वाचलेल्याबद्दल प्रश्न विचारणं, आपलं मत कारणासह सांगणं, अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून ताडणं, कोणासाठी आणि कशासाठी लिहितोय हे ओळखून लिहिणं, अशा गोष्टी तिथे अपेक्षित आहेत. धडा पाठ करा, असं त्यात कुठेही नाही. धडा हे साधन आहे. तो पाठ झाला आणि त्याच पातळीचा न पाहिलेला उतारा समजला नाही, तर भाषा शिकून झालेली नाही.

आणि ज्यांना गणिताचीच काळजी आहे, त्यांच्यासाठी हे उदाहरण : ‘राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या सुमीच्या गोट्यांपेक्षा ५ जास्त आहेत. सुमीकडे किती?’ चौथीची कितीतरी मुलं १७ लिहितात. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. बारातून पाच वजा करणं त्यांना दुसरीतच आलेलं होतं. अडलं ते वाक्यापाशी. अशा मुलाला गणिताच्या शिकवणीला घालून काय साधणार?

‘घरी मराठी बोलते’ यालाही उत्तर आहे. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या वेगळ्या आहेत, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं. ‘बाष्पीभवन’, ‘परिणामी’, ‘याउलट’ हे शब्द जेवणाच्या ताटावर येत नाहीत. ते पुस्तकातून आणि शिकवण्यातूनच येतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शुद्धलेखन म्हणजे भाषा नव्हे : मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम महत्त्वाचे आहेतच, पण आठ वर्षांच्या मुलाच्या पहिल्या कच्च्या लिखाणावर लाल पेन फिरवलं तर ते पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं, आणि त्याही सोप्या शब्दांच्या. वळणदार अक्षर हा हाताचा गुण आहे, विचारांचा नाही. अहिराणी किंवा मालवणी बोलणारं मूल ‘अशुद्ध’ बोलत नाही; त्याच्याकडे एक भाषा जास्तीची आहे आणि प्रमाण मराठी तिच्या आधारानेच शिकवायची असते. पाठ केलेला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध नसून स्मरणशक्तीची चाचणी आहे. आणि केंद्रीय मंडळाच्या शाळेत मराठी ऐच्छिक असते, हेही खरं नाही : राज्याच्या २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांना ती सक्तीची आहे.

शेवटचा गैरसमज घरातला : ‘पाचवीत गेला, आता त्याला काय वाचून दाखवायचं?’ मुलांची ऐकून समजण्याची ताकद साधारण आठवीपर्यंत वाचून समजण्याच्या पुढे असते. त्याला अजून स्वतः न पेलणारी गोष्ट, वर्तमानपत्रातली बातमी, एखाद्या शास्त्रज्ञाचं चरित्र रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच थांबा आणि विचारा, ‘‘तो असं का वागला असेल?’’ उत्तर चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. ‘‘कशावरून वाटलं तुला?’’ एवढंच पुढे विचारा.