मंदी आणि धूर

सुरतेत मंदीची चर्चा निघाली की कापडबाजारातील एखादे सुशिक्षित गृहस्थ हटकून उद्गारतात, "धंदा बसला खरा, पण हवेला तेवढाच आराम!" हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे कानी पडते, की त्याची एकदा रीतसर झडती घेणे भाग आहे.

मंदी कोणत्या धंद्यावर कोसळली, हे प्रथम पाहावे. २००८ च्या अखेरीस वराछा-कतारगाममधील हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या (चाके) थंडावल्या आणि हजारो रत्नकलाकार सौराष्ट्रातील आपापल्या गावी परतले. परंतु हिऱ्याला पैलू पाडण्यास लागते ती थोडीशी वीज, त्यामुळे संसार उघड्यावर पडले तरी कोळशाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडण्याचे कारण नव्हते. कोळसा जळतो तो पांडेसरा-सचिन भागातील डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत, जेथे आपले खानदेशी बांधवही पाळीवर राबतात. तेथे माल निम्म्यावर आला म्हणून बॉयलरची भूक निम्म्यावर येत नाही: वाफेचा दाब राखावाच लागतो, नळांवाटे वाया जाणारी उष्णता जवळजवळ तेवढीच राहते, आणि दर मीटर कापडामागे कोळसा उलट अधिक खर्ची पडतो. पैशाच्या ओढाताणीत जुना बॉयलर बदलण्याचा बेत तहकूब होतो, तो निराळाच.

हा केवळ सुरतेचा अनुभव म्हणावा, तर समाजशास्त्रज्ञ रिचर्ड यॉर्क यांनी २०१२ साली अनेक देशांच्या आकडेवारीवरून असे दाखविले, की दरडोई उत्पन्न एक टक्का वाढले असता कार्बन उत्सर्जन सुमारे ०.७३ टक्के वाढते, मात्र ते एक टक्का घटले असता उत्सर्जन अवघे ०.४३ टक्के उतरते. कारण तेजीत बांधलेले रस्ते, इमारती व कारखाने मंदीत नाहीसे होत नाहीत. २००९ मध्ये जागतिक उत्सर्जन १.४ टक्के घटले आणि २०१० मध्ये ५.९ टक्के वाढले. २०२० च्या टाळेबंदीत तर ते पाच टक्क्यांच्या आसपास घसरले, तरीही वातावरणातील कार्बन डायऑक्साइड त्या वर्षी वाढलाच. यंदा कर्ज थोडे कमी काढले म्हणून मागचे मुद्दल फिटत नाही, हे व्यापाऱ्यांच्या शहरात समजावून सांगावे लागावे, याचे नवल वाटते.

तेजी आली की उत्सर्जन वाढणारच, हाही भ्रमच: १९९० नंतर ब्रिटनची अर्थव्यवस्था दीडपटीहून मोठी झाली, तर त्या देशाच्या हद्दीतील उत्सर्जन जवळजवळ निम्म्यावर आले, आयात मालाचा हिशेब धरला तर घट कमी भरते, पण उरते.

धंदा न बसताही हवा सुधारते, याचा दाखला खुद्द सुरतेतच आहे. २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत सुरू केलेला उत्सर्जन-परवान्यांचा बाजार कार्बनचा आहे, असे समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी, की तो चिमणीतून उडणाऱ्या धूलिकणांचा आहे. त्यात सामील झालेल्या कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात आढळले, आणि त्यासाठी मिल बंद ठेवण्याची अट नव्हती.