सरळ उभा बालाजी, तीन ठिकाणी वळलेली नर्तकी : नृत्यातली भूमिती काय सांगते?

मेहकरच्या शारंगधर बालाजीसमोर भाविक मान वर करूनच उभा राहतो. १८८८ साली जमिनीतून निघालेली काळ्या पाषाणाची ही मूर्ती सुमारे ११ फूट उंच आहे. कपाळापासून दोन्ही पावलांच्या मधोमध येणारी एकच उभी रेघ, दोन्ही पायांवर सारखा भार. मूर्तिशास्त्रात याला समभंग म्हणतात. नृत्याचा पहिला धडाही हाच.

ही रेघ मोडली तर?

भार एका पायावर गेला की कंबर त्या बाजूला सरकते. धड उलट झुकते, मान परत पहिल्या बाजूला येते. तीन वळणे, म्हणून त्रिभंग. ओडिसीची ती ओळखच. जवळच्या लोणारला दैत्यसुदन मंदिराच्या भिंतींवरील स्त्री-शिल्पांतही अशी वळणे दिसतात. दिसायला नजाकत, पण मुळात हा न पडण्याचा हिशेब आहे. (खुद्द मेहकरात नर्तकीच्या दंतकथेने ओळखला जाणारा कंचनीचा महाल आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका संग्रहाचे नावही तेच.)

मापे कुठून आली?

नाट्यशास्त्रात दोन पावलांमधले अंतर ‘ताल’ या मापात दिले आहे : समपादात १, वैष्णवात अडीच, वैशाखात साडेतीन, मंडलात ४, आलीढात ५. ताल म्हणजे अंगठा आणि मधले बोट ताणल्यावर येणारे अंतर. हात ज्याचा त्याचा, म्हणून सहा वर्षांच्या मुलीचे मंडल तिच्याच अंगाला बसते. फुटपट्टीने हे जमले नसते.

गुडघ्यांचा प्रश्न

भरतनाट्यममध्ये अर्ध्या बैठकीत, म्हणजे अरैमंडीत, गुडघे बाहेर वळून पायांमध्ये चौकटच्या पत्त्यासारखा आकार तयार होतो. हे वळण खुब्यातून यायला हवे. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा चालतो, त्याला पीळ फारसा सोसत नाही. खुबा पुरेसा उघडत नसताना पावलेच जबरदस्तीने फिरवली, की तो पीळ गुडघ्यात उतरतो. स्नेहसंमेलनासाठी पंधरा दिवसांत नाच बसवताना नेमके हेच होते; पोर दुखते म्हणते आणि तिला ‘सवय होईल’ असे सांगितले जाते.

घरी तपासायला मोबाइल पुरतो. कॅमेऱ्यात चौकटीच्या रेषा चालू करून मुलीचा अर्ध्या बैठकीतला फोटो समोरून घ्यावा. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने जात असेल तर ठीक. तो आत झुकत असेल तर पावले थोडी कमी वळवावीत, बैठक थोडी वर घ्यावी.