ट्रॅक क्लब : मुलांचे पाय, आपला खिसा

दोन वर्षांपूर्वी माझे वडील साताऱ्याहून आले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी आमच्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन जवळच्या हायस्कूलच्या मैदानाकडे निघालो, तर ते म्हणाले, "अरे, क्रिकेट नाही, टेनिस नाही, नुसतं पळायला पैसे कसले भरतोस? आम्ही एस.टी. पकडायला रोज फुकट पळत होतो!" प्रश्न बिनतोड होता. माझी स्वतःची मैदानी कारकीर्द इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या रस्सीखेचीपुढे कधी गेली नाही.

आपली मंडळी मुलांना गणिताला, पोहायला, भरतनाट्यमला नेतात-आणतात. ट्रॅक क्लबचं नाव त्यात क्वचितच निघतं. क्लब म्हणजे फार काही नसतं. शाळेचं ४०० मीटरचं मैदान आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी वापरायला घ्यायचं, शिकवायला एक-दोन जाणकार, आणि बाकी सगळे आईबाप. हंगाम वसंतात सुरू होऊन जुलैअखेर संपतो. बरेचसे क्लब 'यूएसए ट्रॅक अँड फील्ड' किंवा 'एएयू' या संस्थांशी जोडलेले असतात. आठ वर्षांपर्यंतचा एक गट, मग ९-१०, ११-१२ असे दोन-दोन वर्षांचे गट १७-१८ पर्यंत. उन्हाळ्यात ज्युनियर ऑलिंपिक स्पर्धा : आधी स्थानिक, मग विभागीय, मग राष्ट्रीय. मला आवडलेली गोष्ट अशी, की इथे कोणी बाकावर बसून राहत नाही. शेवटून पहिला आलेल्यालाही स्वतःची वेळ मिळते, आणि पुढच्या शनिवारी ती अर्ध्या सेकंदाने सुधारली की तो खूश!

न्यू जर्सीकरांनी तर हा विषय जवळचा मानावा. तिथल्या विलिंगबरो गावात बिल आणि एव्हलिन लुईस हे शिक्षक जोडपं असाच क्लब चालवत असे. एव्हलिन स्वतः १९५१ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत उतरलेली. त्यांचा मुलगा कार्ल लहानपणी अंगाने किरकोळ होता. पुढे १९८४ ते १९९६ या चार ऑलिंपिकमध्ये त्याने ९ सुवर्णपदकं मिळवली. बहीण कॅरलने १९८३ च्या जागतिक स्पर्धेत लांब उडीत कांस्यपदक घेतलं. वडिलांना ही कथा सांगितली, पण त्यांना पटली ती ललिता बाबर. "आपल्या माणची पोरगी," म्हणाले. तीच २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली होती.

आता माझी चूक सांगतो. लेक ८०० मीटर बरी पळायला लागली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. प्रत्येक फेरीची वेळ मी कॉम्प्युटरवर उतरवू लागलो, आलेख काढले, आणि क्लब नसेल त्या दिवशीही तिला घराभोवतीच्या रस्त्यावर पळवलं. एप्रिलमध्ये नडगी दुखायला लागली. मी म्हटलं, होतं असं, बर्फ लाव. मे अखेरीस ती जिना उतरताना कठडा धरू लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलो. नडगीच्या हाडावर ताण आला होता. आणखी पंधरा दिवस रेटलं असतं तर हाडाला चीर गेली असती, असं त्यांनी सांगितलं. सहा आठवडे पळणं बंद. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक, पण शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बरंच खाली.

तेव्हापासून मी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवतो. सगळ्या नडगीभर दुखणं वेगळं आणि बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात थांबू नये, दाखवावं. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने २०१६ साली सांगितलं आहे, की मुलांनी आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने आपल्या खेळातून सुट्टी घ्यावी, आणि एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवावं. शाकाहारी घरात लोहाकडे लक्ष हवंच. उसळीवर लिंबू पिळावं, जेवणाबरोबर चहा देऊ नये, अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीचे समजू नयेत. मात्र तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

पैशाचं म्हणाल तर हा त्यातल्या त्यात स्वस्त खेळ. आमची फी हंगामाला दोनशे डॉलर, वर बुटांचा खर्च. खरा खिसा कापला जातो तो बाहेरगावच्या स्पर्धांत, मोटेलवर. क्लब धर्मादाय म्हणून नोंदलेला असला तरी मुलाची फी ही देणगी नव्हे. करातून ती वजा होत नाही. निधी जमवून ज्याने जितका जमवला तितकी त्याच्या मुलाची फी कमी, ही पद्धतही धोक्याची. २०१३ साली टॅक्स कोर्टाने अशाच कारणावरून एका जिम्नॅस्टिक्स पालकसंघाची करसवलत नाकारली होती. उलट, स्वयंसेवेच्या तासांवर संस्थेला देणगी देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. आपल्या ऑफिसात जरूर विचारा.

आणि स्कॉलरशिपचा हिशेब मांडून कोणी येऊ नये. २०२५ पर्यंत एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजला ट्रॅक व क्रॉस कंट्री मिळून मुलांसाठी फक्त १२.६ आणि मुलींसाठी १८ स्कॉलरशिपांची मर्यादा होती, आणि ते तुकडे सगळ्या संघात वाटले जात. मर्यादा आता बदलली, पण पदरी तुकडाच पडण्याची शक्यता जास्त. आयव्ही लीग आणि तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच.

स्पर्धेच्या दिवशी पालकांना कामं वाटतात. माझ्या वाट्याला पहिल्याच दिवशी लांब उडीच्या हौदातली वाळू दाताळ्याने सारखी करण्याचं काम आलं आणि ते कायमचं चिकटलं. या एप्रिलमध्ये लेक परत मैदानावर आली. ८०० मीटर सोडून तिने छोटा भाला उचलला आहे. किती लांब गेला ते मोजायला मी टेप घेऊन निघालो, तर तिथूनच ओरडली, "बाबा, तुम्ही वाळूच ओढा!"