रॉकेल चालेल, स्पिरिट नको

माळ्यावरून खाली काढलेल्या जुन्या सिंगर शिलाई मशीनचं चाक हलत नाही, तेव्हा घरातला कुणीतरी उत्साही माणूस पक्कड शोधायला उठतो. त्याला आधी खाली बसवावं. असं मशीन बहुतेक वेळा मोडलेलं नसतं. त्याच्या सांध्यांत तेल सुकलेलं असतं.

पाणी उडून जातं तसं हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन त्याच्या रेणूंना जाऊन मिळतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी, चिवट थर उरतो. खनिज तेलालाही काळ सोडत नाही, पण कित्येक घरांत मशीनला मशीनचं तेल मिळालेलंच नसतं. स्वयंपाकघरातल्या बुधल्यातलं दोन थेंब सोडलं की झालं! करडईचं तेल तर चित्रकार रंग कालवायला वापरतात, ते सुकून घट्ट होतं म्हणूनच. खोबरेलाची तऱ्हा आणखी वेगळी: ते थंडीत थिजतं.

गंमत अशी की, ज्या रासायनिक क्रियेने मशीन आतून जाम होतं, तिनेच ते बाहेरून टिकवलेलं असतं. जुन्या मशीनचा तो चकचकीत काळा थर म्हणजे डांबराच्या जातीचं अस्फाल्ट, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण. ते लावून मशीनचा सांगाडा भट्टीत भाजत. उष्णतेने जवसाचं तेल ऑक्सिजनशी जोडलं जाऊन कडक होई. त्यावर सोनेरी नक्षीची छापचित्रं डकवली जात आणि सगळ्यांच्या वर संरक्षणासाठी लाखेचा पातळ थर असे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारी ही लाख भारत जगभर पाठवत आला आहे.

जुनी मशीनं वाचवणाऱ्यांची खरी परीक्षा इथे असते. आतला थर विरघळवायचा आणि बाहेरच्याला धक्का लावायचा नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावही तिला खातात, पाणी मुरलं तर ती पांढरी पडते. जोशात स्पिरिटचा बोळा फिरवणाऱ्याच्या हाती शंभर वर्षांची नक्षी पुसून येते. वरच्या अंगासाठी मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड पुरे. मळ निघायला वेळ लागतो, लागू द्यावा.

आत मात्र रॉकेल उत्तम काम करतं. प्रत्येक सांध्यात थेंब-थेंब सोडायचं, केस वाळवण्याच्या यंत्राने जरा ऊब द्यायची, रात्रभर थांबायचं आणि चाक केसभर मागे-पुढे हलवून पाहायचं. जोर लावायचा नाही, कारण मशीनचा सांगाडा बिडाचा असतो. बीड दाब मुकाट सोसतं, पण वाकत नाही, एकदम तडकतं. चाक मोकळं झालं की रॉकेल पुसून ताजं मशीनचं तेल द्यायला विसरू नये. रॉकेल धुतं, वंगण देत नाही.

गंजासाठी अनेक जण विजेचा आधार घेतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून बॅटरी चार्जरचा प्रवाह सोडला की गंज सुटतो. पण हे उघड्यावरच करावं, कारण हायड्रोजन बाहेर पडतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील तर अजिबात नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. स्प्रिंगा या हौदापासून दूरच ठेवाव्यात. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.

मग टीप मारून पाहायची. सुई तळाशी जाऊन किंचित वर येते, त्या क्षणी सगळं ठरतं. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, त्या बाजूचा दोरा मोकळा सरकतो. दुसऱ्या अंगाचा दोरा कापडाला घासून अडतो आणि तिथे छोटा फास तयार होतो. खालचा दोरा वाहणाऱ्या शटलचं टोक त्याच वेळी त्या फासातून गेलं तर टाका पडतो. क्षणभर उशीर झाला की टाका सुटतो. टाके सुटणारं मशीन भंगारात काढण्याआधी सुई उलटी तर बसलेली नाही ना, एवढं जरूर पाहावं.

सुटे भाग मिळतील का, हा पुढचा प्रश्न. सिंगरचं 1865चं ‘न्यू फॅमिली’ मॉडेल असेल तर त्याची सुई आज सहज मिळत नाही. पण बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल असलेल्या 27 क्रमांकाच्या मॉडेलला, ते 19व्या शतकाच्या अखेरीचं असलं तरी, आजच्या घरगुती मशीनची सुई चालते. आपल्याकडे तर आणखी सोय आहे. उषा कंपनीची आणि लुधियानात बनलेली असंख्य काळी मशीनं बहुतांशी सिंगरच्या 15 क्रमांकाच्या मॉडेलच्या धाटणीची आहेत, त्यामुळे त्या मॉडेलचं बॉबिन आणि बॉबिन-केस कुठल्याही गावच्या बाजारात मिळतं.

भारतातली कितीतरी जुनी सिंगरं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आली. 1885मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने 1913मध्ये 13 लाखांहून अधिक मशीनं बाहेर पाठवली. 1980मध्ये तो बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचं नाव अजून ‘सिंगर’च आहे. इकडे एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईतून सिंगरची विक्री देशभर पसरवली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924मध्ये सिंगरचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र केलं, असं ते म्हणाले होते. आयझॅक सिंगरच्या संसारांचा इतिहास पाहता ही समजूत जरा जास्तच उदार होती.

आज या मशीनांना गंजापेक्षा सजावटीचा धोका मोठा आहे. ब्रिटनमधल्या ‘ऑलसेंट्स’ या कपड्यांच्या दुकानांनी काचेमागे जुन्या मशीनांच्या रांगा मांडल्या. आपल्याकडच्या कॅफेंना फक्त बिडाचा नक्षीदार पायडल-स्टँड हवा असतो, टेबलासाठी. वरचं मशीन किलोच्या भावाने जातं. घरातल्या स्टँडचं टेबल करायचंच असेल तर खुशाल करा, पण वरचं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी त्यात चार थेंब रॉकेल सोडा आणि गल्लीतल्या शिंप्याला एकदा दाखवा.